टक लावून न बघणारं गाव

मंगळवार : स्ट्रँड आणि लिंकन्स इन फील्ड्स

क्रॉयडनच्या भाचीला निघण्याआधीच सांगून टाकलं होतं, की मला लंडन आय नको, मादाम तुसाँ नको, मला दोन सर्जन बघायचेत. "मावशी, तब्येत बरी आहे ना? अपॉइंटमेंट घेऊ का?" दोघंही १९६० साली गेले म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

हॅरॉल्ड गिलीज आणि आर्चिबाल्ड मॅकिंडो. ही माणसांची नावं आहेत हे मला नंतर कळलं. आधी ती ट्रॉलीवर भेटली. माझी सगळी नोकरी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात, बर्न्स वॉर्ड आणि प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. "सिस्टर, गिलीज" असं सर म्हणाले, की कात्री आणि नीडल होल्डर एकातच असलेलं अवजार त्यांच्या हातावर ठेवायचं. "मॅकिंडो" म्हटलं की बारीक टोकाचा चिमटा. गिलीजला लॉक नसतं, सुई निव्वळ बोटांच्या दाबावर धरायची, त्यामुळे नवे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, ती हमखास पाडतात आणि मग सगळी ओटी खाली वाकून सुई शोधत बसते. अवजाराच्या नावानेच ज्यांची रोज हाक ऐकली ती माणसं कोण होती, हे निवृत्तीनंतर वाचायला लागले आणि मग हे खूळ डोक्यात शिरलं.

सकाळी आधी स्ट्रँडवरच्या सेंट क्लेमंट डेन्स चर्चमध्ये गेलो. दोन्ही बाजूंनी बसगाड्या वाहतायत आणि रस्त्याच्या मधोमध हे चर्च. हे ब्रिटिश हवाई दलाचं चर्च. आत फरशीवर स्लेटच्या दगडात स्क्वॉड्रनची शेकडो बोधचिन्हं बसवली आहेत. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेने चालत होते, तर तिथला स्वयंसेवक म्हणाला, खुशाल चाला, त्यासाठीच आहेत. मॅकिंडोच्या अस्थी इथे ठेवल्या आहेत. वैमानिक नाही, सैनिक नाही, हवाई दलात कधी भरतीसुद्धा न झालेला सर्जन! त्याने मुद्दामच गणवेश घेतला नव्हता. हुद्दा घेतला की वरच्याचं ऐकावं लागतं, आणि ऐकणं हा त्याचा स्वभाव नव्हता.

१० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बनी हे चर्च जाळलं. त्याच रात्री इथून दहा मिनिटांच्या अंतरावर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सवरही बॉम्ब पडले आणि अठराव्या शतकातल्या जॉन हंटर या सर्जनने जमवलेल्या शरीरशास्त्राच्या नमुन्यांचा मोठा भाग गेला. उरलेला हंटेरियन म्युझियममध्ये आहे. दुपारी तिथे गेलो. प्रवेश फुकट, वेळ आम्ही आधी ठरवून गेलो होतो. काचेच्या बरण्यांच्या भिंतीच्या भिंती. भाची पहिल्या दालनातच पांढरी पडली, तिला बाहेर बाकावर बसवून आले.

मला इथे यायचं होतं ते पुण्यासाठी. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. त्यात 'कावसजी' नावाच्या एका मराठा शेतकऱ्याची हकीकत आहे. हा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी पकडलं आणि नाक आणि एक हात कापला. (जातीने मराठा कुणबी असेल तर मूळ नाव कावजी असणार, असं माझं मत. साहेबाच्या कानाला काय ऐकू आलं कोण जाणे.) वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. हा माणूस वीटभट्टीवाल्यांच्या जातीचा होता, एवढंच पत्रात आहे. क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर समोर होते, त्यांची नावं छापली. कावसजीचं छापलं. ज्याने नाक केलं त्याचं नाव लिहून घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही.

रीत मात्र बारकाईने दिली आहे. मेणाचा पत्रा तुटक्या नाकावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची. तेवढं कातडं सोडवायचं. फक्त दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, कारण रक्त तिच्यातूनच येणार. मग ते कातडं फिरवून खाली आणायचं आणि नाकाच्या जागी खाचेत बसवायचं. वरून ड्रेसिंग काय? पाण्यात कालवलेला कात! कापडाच्या पट्ट्यांना कात लावून पाच-सहा थर एकावर एक. चार दिवस तेच. मग तुपात भिजवलेली कापडं. पाच-सहा दिवस उताणं झोपवायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे भोकं बुजत नाहीत. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमच्या ओटीत कपाळाच्या फ्लॅपचं, म्हणजे अशा एका बाजूने जोडलेल्या कातड्याचं, हेच चालायचं. मेणाऐवजी सीलबंद टाक्याच्या पाकिटाचा कागद कापून माप घ्यायचे, आणि पट्टी तोडायला तीन आठवड्यांनी बोलवायचे. बाकी सगळं तेच.

या पत्रावरून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वर्षानुवर्षं मृतदेहांवर हात बसवला आणि १८१४ मध्ये जिवंत माणसावर तसं नाक केलं. १८१६ मध्ये त्याने त्याची हकीकत छापली, आणि युरोपभर ही 'भारतीय पद्धत' म्हणून पसरली. पुढे शंभर वर्षांनी गिलीज जे करायला बसला त्याच्या तळाशी हे पुण्याचं नाक होतं. हे अभिमानाने छाती फुगवायला सांगत नाही. ज्याचं नाव टिपून घेतलं नाही त्या माणसाचा काहीच पत्ता न लागणं, ही फुशारकी मारायची गोष्ट नव्हे.

बुधवार : सिडकप

लंडन ब्रिजहून सिडकपची गाडी. भाचीला ऑफिस होतं, त्यामुळे एकटीच. खिडकीबाहेर एकसारखी विटांची घरं, मागे कपडे वाळत घातलेले, म्हणून जरा घरी असल्यासारखं वाटलं.

गिलीज मूळचा न्यूझीलंडच्या ड्युनेडिनचा, जन्म १८८२. केंब्रिजला शिकला, कान-नाक-घशाचा सर्जन झाला. गोल्फ इतकं चांगलं खेळायचा की इंग्लंडकडून खेळला. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, रेड क्रॉसतर्फे फ्रान्सला गेला. तिथे व्हॅलादिए नावाचा दंतवैद्य तुटलेले जबडे जुळवताना दिसला. पुढे पॅरिसमध्ये मोरेस्तँ नावाच्या सर्जनचं काम पाहिलं आणि हा बिघडला तो बिघडलाच. खंदकांच्या लढाईत डोकं तेवढं वर निघायचं. बॉम्बचे तुकडे गाल, जबडा, नाक घेऊन जायचे आणि माणूस जिवंत राहायचा. पूर्वी अशी माणसं मरत. आता ती वाचत होती, आणि वाचून करायचं काय, हे कुणाला माहीत नव्हतं.

१९१६ च्या सुरुवातीला ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात त्याला एक वॉर्ड मिळाला. चेहऱ्याचे जखमी नेमके आपल्याकडेच यावेत म्हणून गड्याने स्वखर्चाने पत्त्याची लेबलं छापून घेतली आणि फ्रान्सच्या इस्पितळांना पाठवली! सरकारी कामकाज ज्याने पाहिलंय त्याला या युक्तीचं मोल कळेल. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठची लढाई सुरू झाली. त्याने तयारी केली होती दोनशेंची. आले दोन हजार. मग १९१७ मध्ये सिडकपला फक्त चेहऱ्यासाठी क्वीन्स हॉस्पिटल उभं राहिलं. इथे पाच हजारांहून जास्त जवानांवर अकरा हजारांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या.

आज त्या जागी क्वीन मेरीज हॉस्पिटल आहे, इमारत नंतरची. बाह्यरुग्ण विभागात माणसं नंबराची वाट बघत बसलेली, एक मूल रडतंय, वेंडिंग मशीनमध्ये कुणाचं तरी नाणं अडकलंय. मागे फ्रॉग्नल हाउस हा जुना वाडा मात्र शाबूत आहे. रुग्णालय त्याच्याच जमिनीवर वसवलं होतं. आता तिथे वृद्ध राहतात. बाहेरूनच पाहिला.

मला बघायचे होते बाक. रुग्णालयापासून गावात जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक त्या काळी निळ्या रंगाने रंगवले होते. अर्थ असा, की इथे बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून तुम्हाला धक्का बसेल, तेव्हा आधीच तयारीत राहा. म्हणजे सोय गावकऱ्यांची. वॉर्डात आरसे ठेवायचे नाहीत असा नियम होता, तो रुग्णांच्या सोयीसाठी म्हणे. पण माणूस आरशावाचून राहतो का? खिडकीची काच आहे, चमचा आहे, समोरच्याचा चेहरा आहे. आमच्या वॉर्डात कुणी आरसे काढले नव्हते, बायका स्वतःच पाठ करून झोपायच्या. त्या रस्त्याने चालत गेले. बसथांब्यावरचे बाक होते, लोखंडी, राखाडी. निळा एकही नाही.

गिलीजची खरी करामत इथली. ३ ऑक्टोबर १९१७ ला विल्यम व्हिकारेज नावाचा खलाशी त्याच्या टेबलावर होता. जटलंडच्या समुद्री लढाईत भाजलेला, पापण्या आणि ओठ ओढले जाऊन उलटे झालेले. गिलीजने छातीचं कातडं सोडवलं आणि त्याच्या लक्षात आलं की दोन्ही कडा आपोआप आत वळतायत. मग त्या एकमेकींना शिवून टाकल्या तर? पिशवीच्या बंदासारखी एक नळी तयार झाली, दोन्ही टोकांना अंगाला जोडलेली. कच्ची बाजू आत बंद झाली, त्यामुळे जंतू शिरेनात. रक्त शाबूत राहिलं. पेनिसिलीन यायला अजून पंचवीस वर्षं होती हे लक्षात घेतलं, तर ही साधी शिवण केवढी मोठी गोष्ट होती ते कळतं. काही आठवड्यांनी एक टोक सोडवून पुढे शिवायचं, मग दुसरं. अशा कोलांट्या खात पोटाचं कातडं गालापर्यंत पोचायचं. ओडेसात फिलातोव्ह नावाच्या डॉक्टरनेही हेच स्वतंत्रपणे शोधलं होतं. पुढे मायक्रोसर्जरी आली आणि नळ्या मागे पडल्या, पण मी नोकरीला लागले तेव्हा हातापासून नाकापर्यंत नळी लोंबणारा एखादा रुग्ण वॉर्डात असायचाच. त्याला भरवायचं काम आमचं.

सगळेच बरे झाले नाहीत. लम्ली नावाचा तरुण विमानाच्या अपघातात भाजला होता. गिलीजने छातीवरून संपूर्ण चेहऱ्याचं कातडं एकदम उचलून बसवलं. ते सडलं आणि तो पोरगा गेला. त्यानंतर गिलीजने स्वतःला आणि शिष्यांना एक नियमच घालून दिला, की जे उद्यावर ढकलता येतं ते आज करू नये. आमचे सर हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगायचे!

ऑल्डरशॉटपासून त्याच्यासोबत हेन्री टॉन्क्स होता. आधी सर्जन, मग चित्रकार, लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकवणारा. त्याने जखमी चेहऱ्यांची पेस्टलमध्ये चित्रं काढली, शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची. ती कालच्या त्या कॉलेजच्याच संग्रहात आहेत. त्यांच्या छापील प्रती मी आधी पाहिल्या होत्या. फोटोत जखम दिसते. टॉन्क्सच्या चित्रात आधी डोळे दिसतात, सरळ तुमच्याकडे बघणारे, मग त्यांच्या खालची जखम. ड्रेसिंग करताना नवीन मुलींना मी हेच सांगायचे, की आधी डोळ्यांकडे बघ, नमस्कार कर, मग पट्टी सोड.

परतीच्या गाडीत झोप लागली.

गुरुवार : ईस्ट ग्रिनस्टेड

ईस्ट क्रॉयडनहून गाडी थेट ईस्ट ग्रिनस्टेडला जाते आणि तिथेच संपते. रूळ पुढे नाहीत. भाचीने सुट्टी टाकली होती. स्टेशनवरून वर चढत गेलं की हाय स्ट्रीट. लाकडी चौकटींची जुनी घरं एका रांगेत, काही चौदाव्या शतकातली, वाकलेली, तरी खाली दुकानं जोरात. रस्त्याच्या टोकाला सॅकव्हिल कॉलेज, नाव कॉलेज असलं तरी १६०९ सालचा वृद्धाश्रमच, आणि त्याच्यासमोर मॅकिंडोचा ब्राँझचा पुतळा.

पुतळे मला सहसा आवडत नाहीत. हा आवडला. एक वैमानिक खुर्चीवर बसलाय, बोटं आखडलेली, भाजलेला चेहरा वर आभाळाकडे. मागे मॅकिंडो उभा, दोन्ही हात त्याच्या खांद्यावर. मार्टिन जेनिंग्ज या शिल्पकाराचे वडील दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यात भाजले होते आणि मॅकिंडोनेच त्यांच्यावर उपचार केले होते. २०१४ मध्ये पुतळा बसला. मी पुढे जाऊन ती बोटं नीट पाहिली. आखडलेल्या हातात अंगठा जसा तळव्याकडे ओढला जातो, तसाच केलाय. शिल्पकाराने ते घरी पाहिलं असणार.

मॅकिंडोही ड्युनेडिनचा, जन्म १९००, गिलीजचा लांबचा भाऊ. अमेरिकेत मेयो क्लिनिकला शिकून लंडनला आला आणि गिलीजच्या हाताखाली तयार झाला. १९३९ मध्ये युद्ध लागलं तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन चार, त्यातले तीन न्यूझीलंडचे. मॅकिंडोच्या वाट्याला हवाई दल आणि या गावातलं क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटल आलं.

विमानाच्या इंधनाच्या टाक्या पेटल्या की कॉकपिटमध्ये काही सेकंदांत भट्टी व्हायची. हातमोजे आणि गॉगल काढून ठेवलेल्या पोरांचे हात आणि चेहरे जायचे, पापण्यांसकट. तेव्हाची रीत म्हणजे टॅनिक ॲसिड. चामडं कमावायला लागतं तेच. जखमेवर कडक पापुद्रा धरायचा आणि त्याच्याखाली बोटं आखडून जायची, पापण्या नसलेले डोळे उघडे राहून अंध व्हायचे. मॅकिंडोने पाहिलं की जे वैमानिक समुद्रात पडले होते त्यांच्या जखमा जास्त चांगल्या आहेत. त्याने टॅनिक ॲसिड बंद करायला लावलं आणि कोमट मिठाच्या पाण्याचे टब सुरू केले. मला मंगळवारचा कात आठवला. कातातही टॅनिनच. पुण्याच्या त्या माणसाने तो धारदार शस्त्राने कापलेल्या, कडा जुळवलेल्या जखमेवर लावला आणि जमून गेलं. भाजलेल्या हातावर तेच जुलूम ठरलं. औषध एकच, जागा चुकली की झालं.

कँटलूप रोडवरच्या गावच्या संग्रहालयात गिनीपिग क्लबचं दालन आहे. गिनीपिग म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात तो प्राणी. जुलै १९४१ मध्ये वॉर्ड तीनमधल्या रुग्णांनी शेरीच्या बाटलीवर क्लब काढला. सभासद व्हायचं तर मॅकिंडोच्या टेबलावर झोपलेलं असलं पाहिजे. खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेत, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस हात भाजलेला, म्हणजे इतिवृत्त लांबणार नाही. युद्ध संपेपर्यंत सभासद ६४९ झाले. इंग्रज, कॅनडाचे, ऑस्ट्रेलियाचे, पोलंडचे, झेकोस्लोव्हाकियाचे. हे मेळावे २००७ पर्यंत चालले.

पण मला या माणसाचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते ओटीबाहेरचं. बरे होत असलेल्या जवानांना रुग्णालयाचा निळा पायजमा-कोट घालायची सक्ती होती, ती त्याने मोडली; गणवेश घाला म्हणाला. नव्वद दिवसांत कामावर न आलेल्याला सेवेतून काढायचा नियम होता, तो भांडून रद्द करून घेतला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना पगार चालू. वॉर्डात पियानो आणि बिअरचं पिंप. आणि मग तो गावात हिंडला. घरोघरी, दुकानांत, खानावळीत सांगितलं, की ही पोरं येतील, त्यांना घरी जेवायला बोलवा आणि त्यांच्याकडे टक लावून बघू नका. गावाने ते केलं. जुलै १९४३ मध्ये इथल्या सिनेमागृहावर बॉम्ब पडून शंभराहून जास्त माणसं गेली, तरी गावाने दारं बंद केली नाहीत. 'टक लावून न बघणारं गाव' हे नाव तेव्हापासूनचं. सिडकपने बाक रंगवले होते. पंचवीस वर्षांत आणि पन्नास किलोमीटरच्या आत एवढा फरक.

एका गोष्टीवर मात्र माझं बिनसलं. या क्लबच्या आठवणींत नर्सेसबद्दलचे विनोद फार. मॅकिंडो दिसायला छान मुली वॉर्डासाठी निवडायचा, आणि पोरांनी थोडी सलगी केली तर त्यांनी चालवून घ्यावं, त्याने त्यांना हुरूप येतो, असा एकूण मामला. चाळीस बेडच्या वॉर्डात रात्रपाळी केलेल्या बाईला यात मजा वाटत नाही. भाजलेल्या माणसाला आपण अजून माणूस आहोत हे कळायला हवं, मान्य. पण ते कळवण्याचा भार विशीतल्या पोरींच्या अंगावर? मॅकिंडोची ओटी सिस्टर जिल मलिन्स आणि भूल देणारा जॉन हंटर (मंगळवारचा बरण्यांवाला नव्हे, हा दुसरा) या दोघांशिवाय त्याचं पान हलत नसे. पुतळा मात्र दोघांचाच झाला, डॉक्टर आणि जवान. मी हे भाचीला मोठ्याने सांगत होते, तर टेबलामागच्या आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, माझी आई तिथे नर्स होती, तिचंही हेच म्हणणं होतं. मग त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि तासभर सोडलं नाही.

त्यांनी विचारलं, तुमच्या वॉर्डात कोण यायचं? मी म्हटलं, बायका. स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला, एवढंच केसपेपरवर यायचं. वय अठरा, बावीस, पंचवीस. वाचल्या तर हनुवटी छातीला चिकटलेली, मान वर होत नाही. सर मान सोडवायचे, ग्राफ्ट म्हणजे दुसरीकडचं कातडं लावायचे, कॉलर द्यायचे, आम्ही व्यायाम शिकवायचो. पाच-सहा शस्त्रक्रियांनी मान सरळ व्हायची. आणि मग डिस्चार्जच्या दिवशी न्यायला कुणी यायचं नाही. वैमानिकाच्या भाजण्याला युद्धाचं कारण होतं, त्याची जखम देशाची होती. यांची जखम कुणाची? गाव तयार करायला कोण जाणार होतं, आणि कुठल्या गावात? सासरच्या, की माहेरच्या? आजीबाई काही बोलल्या नाहीत, चहा ओतत राहिल्या. दूध आधी घालायचं की नंतर, हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटल अजून चालू आहे, आजही भाजलेल्यांसाठी आणि प्लास्टिक सर्जरीसाठी नावाजलेलं. आवारातून एक फेरी मारली. दुपार पाळी सुटत होती, मुली कोट चढवत, फोनवर बोलत बाहेर पडत होत्या. त्यात दोन मल्याळी होत्या. माझ्या साडीकडे बघून थांबल्या, कुठल्या म्हणून विचारलं, आणि मी रिटायर्ड सिस्टर आहे कळल्यावर पहिला प्रश्न, पेन्शन किती बसतं?

शुक्रवार : क्रॉयडन

पाऊस. बाहेर गेलोच नाही. खरं तर आज बेसिंगस्टोकला जायचा बेत होता. दुसऱ्या महायुद्धात गिलीज तिथल्या रूक्सडाउन हाउसमध्ये होता. पण ती इमारत पाडून तिथे वसाहत झाली आहे. लोकांची घरं बघायला कशाला जायचं?

युद्ध संपल्यावर गिलीजने एक काम फार गुपचूप केलं. मायकल डिलन, स्वतः नंतर डॉक्टर झालेला, स्त्री म्हणून जन्मलेला. १९४६ ते १९४९ या काळात गिलीजने त्याच्यावर ओळीने शस्त्रक्रिया केल्या, तीच सिडकपची नळी वापरून. बाहेर कळू नये म्हणून कागदावर भलतंच निदान लिहिलं. डिलन पुढे भारतात आला, बौद्ध भिक्षू झाला आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारला. जेवताना हे सांगितलं तर जावईबापूंनी पोळी तोडायची थांबवली.

आणि नोशीर अंतिया. हुबळीत १९२२ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकलचे पारशी डॉक्टर. इंग्लंडला जाऊन गिलीजच्या हाताखाली शिकले. इथेच राहिले असते किंवा मुंबईत श्रीमंतांची नाकं नीट करत बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती. ते परत आले आणि पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करायला लागले. आखडलेली बोटं, न मिटणाऱ्या पापण्या, बसलेली नाकं. कुष्ठरोगात नाक आतून खचतं, बाहेरचं कातडं धड असतं. अशा खचलेल्या नाकाला आतून त्वचेचं अस्तर लावून उभारी द्यायची गिलीजची एक युक्ती होती. अंतियांनी ती कोंढव्याला वापरली. ज्या माणसांना गावाने वेशीबाहेर टाकलेलं त्यांचे चेहरे. पुढे त्यांनी जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. नागपूरला त्याच सुमाराला बाळकृष्णन यांनी मेडिकल कॉलेजमध्ये स्वतंत्र विभाग काढला. आम्हाला शिकवणारे सर या दोन घराण्यांतलेच. नंतर अंतिया अलिबागजवळ मांडव्याला गेले आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायला लागले. सर्जन मंडळींना हे विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. मॅकिंडो नाही का दुकानादुकानातून हिंडला?

संध्याकाळी पुण्याला ताईला फोन लावला. म्हटलं, मुंबईला उतरले की दोन दिवसांनी तुझ्याकडे येते, आपल्याला कोंढव्याचं कुष्ठरोग रुग्णालय बघायला जायचंय. ती म्हणाली, लंडनहून येऊन कोंढवा बघणारी तूच. मग जरा वेळाने म्हणाली, तिकडे ट्रॅफिक फार असतं, सकाळी आठच्या आत निघायला हवं.